आधी चौथा

मामाने बिनकानाचा कप उचलून ओळीत चौथ्या जागी दाबून ठेवला आणि वर तळहात ठेवला, जणू तो सोडला तर कप पळून जाईल.

"हा इथेच राहणार. मला एक सांगा, तळमजला बांधायच्या आधी चौथा मजला कुणी बांधतं का?"

घरातले सगळे कप जेवणाच्या टेबलावर आले होते. एकेक कप म्हणजे एकेक सिनेमा. स्वतःभोवती गरगर फिरून वाऱ्याची भिंत उभी करणाऱ्या वीराचे, 'भोवरा' मालिकेचे सहा सिनेमे कुठल्या क्रमाने बघायचे याचा निकाल लागत नव्हता आणि तो लागेपर्यंत कुणाला चहाही मिळणार नव्हता. मामा लिफ्ट दुरुस्त करायचा. जगातली कुठलीही गोष्ट त्याला मजल्यांमध्येच दिसे.

खुर्चीवर मांडी घालून बसलेली मिरी अंगभर गुलाबी ठिपक्यांची झाली होती. कांजिण्यांवर औषध लावताना तिच्या आईने एकही फोड सोडला नव्हता. शाळा बंद, खेळायला जाणं बंद, खाजवणंसुद्धा बंद. त्या सगळ्याच्या बदल्यात रोज दुपारी एक सिनेमा मिळणार होता. वर्गातल्या सगळ्यांनी भोवरा बघितला होता, हिनेच नव्हता.

बाल्कनीतून मिरीचा बाबा धुतलेल्या कपड्यांची रिकामी बादली घेऊन आत आला. त्याने बादली खाली ठेवली, मामाच्या तळहाताखालून हळूच बिनकानाचा कप काढला आणि ओळीच्या सुरुवातीला नेऊन ठेवला.

"गोष्ट इथून सुरू होते," तो म्हणाला.

तो बोलला की सगळ्यांना थांबावं लागे. त्याच्या घशातून आवाज येत नसे, नुसती हवा येई, आणि त्या हवेतून शब्द वेचून घ्यावे लागत. मिक्सर चालू असेल तर बंद करावा लागे. नळ सुटला असेल तर आधी नळ.

"भाऊजी, गोष्ट सुरू कुठून का होईना, सिनेमा कधी आला ते बघायचं. चौथ्यात भोवऱ्याचं लहानपण आहे, मान्य. पण तो आला कधी? तिसऱ्याच्या नंतर. आधी माणूस आवडला की मग त्याचं लहानपण आवडतं. उगाच कुणाचं पोर घेऊन काय करायचं?"

"मी पण पोर आहे," मिरी म्हणाली.

"तू आमचं पोर आहेस. तुझी गोष्ट वेगळी."

"ताई, तू बोल की," मामा बहिणीकडे वळला. "तू माझ्या बाजूची ना?"

ती त्याच्याच बाजूची होती, पण मजल्यांसाठी नाही. तिने नवऱ्याकडे पाहिलं. तो कपांची ओळ नीट करण्यात गुंतला होता. चांगल्या सरळ असलेल्या ओळीत काहीतरी सरळ करत होता.

"चहा करते आधी," ती म्हणाली आणि टेबलावरचा पहिला, दुसरा आणि पाचवा सिनेमा उचलून स्वयंपाकघरात गेली.

ती चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायची. लग्नाआधी, एका कंटाळवाण्या दुपारी एक माणूस तिच्या खुर्चीत येऊन बसला. हातातल्या कागदावरची अक्षरं अंधूक दिसतात म्हणाला. तिने नेहमीप्रमाणे एक काच लावली, काढली, दुसरी लावली. "आता बरं दिसतं की आधी?" तर या गृहस्थाने फळ्यावरचं एक अक्षर म्हाताऱ्याच्या आवाजात वाचलं, दुसरं एखाद्या चिडक्या शेजारणीच्या, आणि तिसऱ्याला तो भरदार, खोल, छातीतून आलेला आवाज लावला, की बाहेर चष्म्याची दांडी घट्ट करत बसलेला दुकानदार उठून आत डोकावला. परदेशी सिनेमांना आपल्या भाषेतला आवाज देणं हा त्याचा धंदा होता. भोवरा बोलायचा तो याच्या गळ्यातून. पहिला सिनेमा, दुसरा, तिसरा. तिसरा आला तेव्हा ती थिएटरात त्याच्या शेजारी बसली होती, आणि पडद्यावरचा वीर गर्जला की मागच्या रांगेतली पोरं शिट्ट्या मारायची आणि हा तिच्या कानाशी येऊन म्हणायचा, "त्या दिवशी सर्दी झाली होती, कळतंय का गं?"

मग त्याच्या गळ्यात गाठ आली. काढली, साधीच निघाली, सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. पण तिच्या अगदी लगत आवाजाची नस जात होती. डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं की असं होऊ शकतं. तसंच झालं. तेव्हा मिरी पोटात होती.

स्टुडिओने त्याला सोडलं नाही. दुसऱ्यांचे आवाज साफ करायचं काम दिलं: ओठांची मचमच काढ, हातातल्या कागदांची सळसळ काढ, कुणाच्या पोटात गुरगुरलं तर तेही काढ. चौथ्या सिनेमापासून भोवरा दुसऱ्याच एका तरुणाच्या आवाजात बोलू लागला. चांगला मुलगा होता म्हणे. घरी आला की वाकून नमस्कार करायचा. तिने त्याला खायला घातलं, हसून बोलली, पण त्याचा भोवरा कधी बघितला नाही. चौथा नाही, पाचवा नाही, सहावाही नाही. बघणार नाही असं तिने नवऱ्याला स्पष्ट सांगून टाकलं होतं, आणि त्यावर तो काहीच बोलला नव्हता.

मिरी मात्र या घरात हवेतले शब्द ऐकतच मोठी झाली. महत्त्वाचं काही असलं की ते कुजबुजत सांगायचं अशी तिची पक्की समजूत होती. शाळेतल्या बाईंनी बोलावून घेतलं होतं: उत्तरं सगळी येतात हो, पण ती माझ्या कानात येऊन सांगते. तिने बाबाचा खरा आवाज ऐकला नव्हता. लग्नाचं चित्रीकरण होतं, जुन्या ध्वनिफिती होत्या. तो म्हणायचा, मोठी होऊ दे जरा.

आता झाली होती ना मोठी. भोवऱ्याचा पहिला शब्द मिरीच्या कानावर पडेल तो त्याच्याच आवाजातला असावा, एवढंच तिला हवं होतं. त्यानंतर तो दुसरा खुशाल गर्जू दे.

नवरा चहाच्या भांड्याशी येऊन उभा राहिला. तिने गॅस बारीक केला, म्हणजे उकळीचा आवाज कमी झाला.

"चौथाच का?" तिने विचारलं. "मामाला सांगतोस ते मला नको सांगू."

त्याने आलं किसायला घेतलं. बराच वेळ किसलं, एवढं आलं चहात घातलं असतं तर घोट गिळवला नसता.

"तीन सिनेमे ती तो आवाज ऐकेल," तो म्हणाला. "आवडेल तिला. सगळ्यांना आवडायचा. मग चौथ्यात अचानक तो नसेल. ती विचारेल कुठे गेला. आणि मग वळून माझ्याकडे बघेल." त्याने किसणी आपटून स्वच्छ केली. "आधी चौथा बघितला, मग पहिला, दुसरा, मध्येच पाचवा... आवाज बदलतच असतो, असं वाटेल. कुणी गेलंय असं वाटणार नाही."

तिला यावर बोलायला पुष्कळ सुचलं, पण सगळंच मोठ्या आवाजातलं होतं.

"लाव तुझा चौथा," ती म्हणाली. "मी बघणार नाही. मी तिच्या पायाला औषध लावत बसेन."

"बरं."

"आणि एवढं आलं तूच पी."

*

दुपारी पडदे ओढले गेले. मामा कामावर गेला होता. जाताना "तुम्ही लोक इमारत पाडणार" असं दारात म्हणून गेला. मिरी सोफ्यावर आडवी झाली, पाय आईच्या मांडीत. बाबा खाली जमिनीवर, सोफ्याला पाठ लावून. त्याचं डोकं मिरीच्या हाताशी येत होतं आणि ती सिनेमा बघता बघता त्याचे केस उपटत होती. खाजवायची मनाई असली की हाताला काहीतरी लागतंच.

आईने खरंच मान खाली घातली होती. कापसाचा बोळा, गुलाबी औषध, एकेक ठिपका. पण कानांना पापण्या नसतात. भोवरा बोलला. तरुण, धारदार आवाज होता. वाईट नव्हता. तेच तिला जास्त झोंबलं. वाईट असता तर नवऱ्याकडे बघून डोळे मिचकावता आले असते.

गोष्ट पुढे सरकत राहिली. कसलंसं खाणीतलं गाव, कोसळणारा बोगदा, आत अडकलेली माणसं. भोवऱ्याला अजून फिरताही येत नव्हतं. म्हणून तो एका म्हातारीला पाठीवर घेऊन उभ्या शिडीवरून चढू लागला. संगीत थांबलं. संवाद थांबले. नुसतं चढणं.

मिरीने बाबाचे केस सोडले.

"बाबा," ती कुजबुजली.

"काय गं?" त्याने वळून विचारलं.

"तुला नाही. हा." तिने पडद्याकडे बोट केलं.

आईचा बोळा थांबला. इतक्या दिवसांनी अखेर तो प्रश्न आला, आणि तोही चुकीच्या सिनेमात. "नाही बाळा," ती शक्य तितक्या हलक्या आवाजात म्हणाली. "हा दुसरा काका बोलतो. तो आला होता ना आपल्याकडे, तुला रंगपेट्या आणलेल्या?"

"बोलतो तेव्हा तो काका," मिरी म्हणाली. आईला एवढं साधं कळत नाही याचा तिला जरा वैतागच आला. "दमतो तेव्हा बाबा."

आईने वर पाहिलं. पडद्यावर तो परका नट शिडीच्या पायरीला लटकला होता. एक श्वास आत गेला, तुटला, तोंडातून सुटला. मध्ये थोडा थांबला आणि मग दोन छोटे श्वास, पाठीवरचं ओझं सावरून घेतल्यासारखे. लिफ्ट बंद पडली की नवरा मिरीला कडेवर घेऊन जिना चढायचा, तेव्हा हेच दोन छोटे श्वास तिच्या पुढे दोन पायऱ्या असायचे. भाजीच्या पिशव्या घेऊन मागून येताना तिने ते शेकडो वेळा ऐकले होते आणि "थांब की जरा" असं ओरडली होती.

तिने नवऱ्याच्या डोक्याकडे पाहिलं. केस उभे राहिलेल्या त्या डोक्याने वळून पाहिलं नाही. कान तेवढे तांबडे झाले होते.

म्हातारी वर पोचली. संगीत पुन्हा सुरू झालं. भोवरा त्या दुसऱ्याच्या आवाजात म्हणाला, घाबरू नका, मी आहे.

सिनेमा संपल्यावर मिरी तोंड धुवायला गेली तेव्हा आई म्हणाली, "कधीपासून?"

"चौथ्यापासून." त्याने पडदे उघडले. "तो पोरगा बोलतो छान. पण दमायला सांगितलं की खोटं दमायचा. खोकल्यासारखं. आणि धापा टाकून टाकून त्याला चक्कर यायची. मी काचेपलीकडून सांगून सांगून थकलो, मग म्हटलं सरक बाजूला." तो जरासा हसला, त्याच्या हसण्यालाही आवाज नसे, नुसते खांदे हलत. "दमायला आवाज लागत नाही ना. हवा लागते. ती आहे माझ्याकडे भरपूर."

"आणि मला सांगितलं नाहीस."

"तू म्हणालीस, बघणारच नाही. मग काय सांगू? तू नको बघूस, पण त्यात मी धापा टाकल्यात?"

तिला हसू आलं, आणि हसताना डोळे भरून आले म्हणून ती औषधाच्या बाटलीचं बूच शोधू लागली. ते तिच्या हातातच होतं.

"पाचव्यातही?"

"पाचव्यात फार. त्यात नुसता पळतोच तो."

*

दुसऱ्या दिवशी पहिल्या सिनेमाची पाळी होती. मामा खास वेळ काढून आला. पायांत कामाचे बूट, खिशात पाना, तोंडावर जिंकल्याचा भाव. "आला ना शेवटी तळमजला," असं म्हणत त्याने सोफ्याची चांगली बाजू बळकावली.

बाबाने बादली भरली. धुवायला काही नव्हतं तर त्याने सोफ्याच्या उशांचे अभ्रे काढले, ते पिळले आणि सिनेमा सुरू होताच वाळत घालायला बाल्कनीत निघून गेला. जाळीच्या दारातून त्याची पाठ दिसत होती. आईला ती पाठ दिसत होती आणि पडदाही. दोन्हीकडे एकदम बघता येत नव्हतं.

अंधाऱ्या पडद्यावर वारा सुटला आणि त्यातून तो आवाज आला.

किती दिवसांनी. तिला वाटलं होतं, आपल्याला तो अजून पाठ आहे. नव्हता. तिला आठवायचा तो गर्जणारा होता. हा आवाज मधूनच थोडा घोगरा होई, शब्दाच्या शेवटी किंचित रेंगाळे. तिने मिरीकडे पाहिलं. मिरी कोपरावरची खपली न्याहाळत होती.

भोवरा बोलत राहिला. लढला. शहर वाचवलं, अर्धं पाडलं. मिरी चुळबुळ करू लागली.

"मामा, हा दमणार कधी?"

"दमतोय काय! भोवरा आहे तो!"

"पण मला बाबा ऐकायचाय."

"अगं वेडे," मामा मोठ्याने हसला, "मग इतका वेळ काय ऐकते आहेस? हा जो बोलतोय ना, हा तुझा बाबाच! सबंध सिनेमाभर बाबाच!"

बोलून झाल्यावर त्याने ताईचा चेहरा पाहिला. "काय झालं?" तो म्हणाला. मग बाल्कनीकडे पाहिलं. मग स्वतःच्या बुटांकडे.

बाल्कनीत अभ्रा झटकायचा आवाज थांबला होता.

मिरीने कोपर सोडलं. ती पडद्याकडे बघत राहिली. वीर कुणाला तरी काहीतरी समजावून सांगत होता. तिने मान एका बाजूला कलती केली, ऐकलं, मग दुसऱ्या बाजूला. मग सोफ्यावरून उतरली आणि जाळीचं दार ढकलून बाल्कनीत गेली.

आईने सिनेमा थांबवला. ऐकू यावं म्हणूनच थांबवला, हे तिने नंतर स्वतःशी कबूल केलं. मामा श्वास रोखून बसला होता.

"बाबा."

"हं."

"तो मोठ्ठा आवाज तुझा आहे?"

"होता."

"मग इकडे का नाही?"

दोरीवर चिमटा लावल्याचा आवाज आला. मग दुसऱ्या चिमट्याचा. आत बसलेल्या तिला वाटलं, आता उठावं, जावं, आपणच सांगावं काहीतरी.

"तिकडेच राहिला," तो म्हणाला.

"आणायचा का परत?"

"नाही येत तो आता. मी बोलावून बघितलं."

मिरी विचारात पडली. ती विचारात पडली की नाकाने एक बारीक सूर काढायची, तो ऐकू आला.

"बरं," ती शेवटी कुजबुजली. "राहू दे तिकडे. तिकडे लढाया आहेत. इथे कुणाला एवढं ओरडायचंय?"

यावर तो काही म्हणाला असेल तर ते आतपर्यंत आलं नाही. जाळीतून एवढंच दिसलं, की त्याने ओला अभ्रा तसाच खांद्यावर टाकला आणि खाली बसला, आणि मिरीने त्याच्या मानेत तोंड घातलं. गुलाबी औषध त्याच्या सदऱ्याला लागलं. खांदे हलत होते. हसत होता की काय, ते मागून ओळखू येत नव्हतं.

"ताई, मला खरंच माहीत नव्हतं गं," मामा पुटपुटला. "मला वाटलं, तिला माहीत असेल. सगळ्या जगाला माहीत आहे."

"गप बस," ती म्हणाली आणि त्याच्या केसांतून हात फिरवला, तो लहान असताना फिरवायची तसा.

दोघं आत आली. राहिलेला सिनेमा सगळ्यांनी मिळून पाहिला. बाबा या वेळी जमिनीवर बसला नाही. सोफ्यावर जागा करून घेतली, मामाला टोकाला ढकलून. एका प्रसंगात वीराने शिंक दाबल्यासारखं काहीतरी केलं तेव्हा आई म्हणाली, "सर्दी," आणि तो म्हणाला, "ती तिसऱ्यातली. ही धूळ." मिरीने दोघांना शू केलं.

नावं सरकू लागली तशी मामाने कंबर सरळ केली. "चला. माझी दुपार अजून शिल्लक आहे. दुसरा लावायचा ना लगेच? बरोबर क्रमाने लागतंय तोवर लावून घेऊ."

रिमोट आईच्या हातात होता.

"पाचवा," ती म्हणाली.

"काय?"

"पाचवा लावते."

"अगं ताई! दुसरा नाही, तिसरा नाही, एकदम पाचवा? काही कळणार नाही! आणि तू तर ते नवे बघत नाहीस ना?"

नवऱ्याने तिच्याकडे पाहिलं. तिने त्याच्याकडे पाहिलं नाही. ती बटणं दाबत होती, आणि तिच्या गालावर लाली चढली होती, चष्म्याच्या दुकानात त्या दुपारी चढली असेल तशीच.

"मला कळेल," ती म्हणाली. "कुणाला नसेल बघायचं त्याने लिफ्ट दुरुस्त करायला जावं."

मामा कपाळावर हात मारून बसला, पण गेला नाही. पाचव्याची सुरुवातच रस्त्यावर झाली. भोवऱ्यामागे कोण लागलं होतं, तो कुठून पळत होता, कुणाला काही उमगलं नाही. संवाद नव्हते. तो पळत होता, फक्त पळत होता. तिने पाय वर घेतले, नवऱ्याच्या खांद्याला टेकली आणि डोळे मिटले.

"आई," थोड्या वेळाने मिरी तिच्या कानाशी कुजबुजली, "असा कसा बघतेस गं सिनेमा?"